सरोजाअक्कांची गुलबक्षी

सरोजाअक्का नवं माणूस भेटलं की आधी त्याचा चेहरा न्याहाळायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या जयनगरच्या घरी गेले, तेव्हा दार उघडता उघडताच त्यांनी विचारलं, "अय्यो, हे नाक कुणाचं? आईचं की बाबांचं?"

मी गोंधळून म्हटलं, "आजोबांचं. आईच्या बाबांचं."

"म्हणजे आईला चुकवून तुझ्याकडे आलं! सरी, बरं, आत ये. तुला शिकवायला मजा येणार."

मी बेळगावकडची. बी.एस्सी.साठी बेंगळुरात आलेली, कोरमंगलात पीजीत राहणारी. आनुवंशिकतेचा विषय काही केल्या डोक्यात शिरेना, म्हणून कुणीतरी अक्कांचं नाव सुचवलं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्या घरीच शिकवायच्या. घराणं कैक पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांचं मराठी वाक्य मध्येच कधी कन्नडमध्ये शिरेल याचा नेम नसायचा. अक्का आता नाहीत, पण तो आवाज अजून कानात आहे.

त्यांच्या गच्चीवर गुलबक्षीच्या कुंड्या होत्या. लाल फुलांच्या आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा त्यांनी संकर केला होता. त्यातून निघालेली सगळी झाडं गुलाबी फुलांची! मी शहाणपणाने म्हटलं, "रंग मिसळले, अक्का. चहात दूध घातल्यासारखे. आता दूध वेगळं थोडंच काढता येणार?"

त्यांनी चक्क टाळी वाजवली. "व्वा! किती छान चुकलीस! स्वल्प थांब. आता झाडालाच विचारू."

आम्ही गुलाबी झाडांच्या कळ्यांना पातळ कापडाच्या पिशव्या बांधल्या, म्हणजे बाहेरचे पराग यायला नकोत. मग त्यांचं काळं बी पेरलं आणि वाट बघत बसलो. एके दिवशी अक्कांचा फोन आला, "कळ्या धरल्यात! असशील तशी ये!" गुलबक्षी संध्याकाळी उमलते. आम्ही सगळे विद्यार्थी चहाच्या वेळेपासून गच्चीवर ठाण मांडून. पहिलं फूल गुलाबी. मग एक लाल. आणि मग, कोपऱ्यातल्या कुंडीत, स्वच्छ पांढरं! अक्का एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजारचे लोक बाहेर आले.

"बघा! कुठे गेलं होतं हे? कुठेच नाही! गुलाबी झाडाच्या पोटात गप्प बसलं होतं. प्रत्येक गुणाची जोडी असते. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्हीकडून पांढराच आला, की फूल पांढरं. मिसळून संपत नाही काही!"

सगळे नाचत होते. मी मात्र थबकले. माझ्या मामाचा थोरला मुलगा थॅलेसेमियाने लहानपणीच गेला होता. त्याला सारखं रक्त द्यावं लागायचं. आणि मामाची धाकटी रेवा आता माझ्या भावाला, सुहासदादाला, द्यायची होती. लग्न ठरलं होतं. मी तिथेच अक्कांना सगळं सांगितलं.

अक्का कठड्यावर टेकल्या. "मामा-मामी दोघांकडेही तो दोष लपलेला असणार. वरून काही दिसत नाही. तो रेवाकडे आला असेल. तुझी आई मामाची बहीण, म्हणजे दादाकडेही असू शकतो. दोघांचं रक्त तपासा. एकाकडेच असेल तर भ्यायचं कारण नाही. दोघांकडे असेल, तर लग्नाआधी कळायलाच हवं."

मी घरी फोन केला आणि भडका उडाला. "माझ्या पोरीत खोट काढता?" म्हणून मामाने बोलणंच सोडलं. शेवटी रेवाच म्हणाली, "बाबा, भावाचे हाल मी बघितलेत. माझ्या मुलाचे नाही बघायचे."

तपासणी झाली. दोष रेवाकडे होता, दादाकडे नव्हता. अक्का फोनवर किंचाळल्या, "मग वाजवा की सनई! हा आजार नाही होणार मुलांना. फार तर ती रेवासारखी निघतील, ठणठणीत!"

लग्नाला त्या बेळगावला आल्या. पंगतीत मामा त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, आमचा पोरगा गेला, ते आमच्या हिच्या माहेरचंच ना? आमची आई मरेपर्यंत हिला तेच म्हणायची. मीही म्हणायचो."

"नाही हो," अक्का म्हणाल्या. "एकीकडूनच आलं असतं तर पोरगा जगला असता. अर्धं तुमच्याकडून गेलं. पण अपराध कुणाचाच नाही. दोघांनीही नकळत दिलं."

मामा भरल्या ताटावरून उठला. मामी पलीकडे पाहुण्यांना पेढे देत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "सुमन, माझ्याकडूनही गेलं होतं गं. आम्ही उगाच तुला..." मामीने पेढ्यांचं ताट खाली ठेवलं आणि पदराने आधी त्याचे डोळे पुसले.

अक्कांनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता आणि डोळे वाहत होते.

"याला परीक्षेत गुण नाहीत," त्या म्हणाल्या. "पण शिकायचं ते याच्यासाठी."