उन्हाची बैठक, भर उन्हात

मे महिन्यात हैदराबादला कोण जातं? मी गेले. शोभाआत्याचा फोन आला होता. "इथं महापालिकावाले उन्हापासून बचावाचा आराखडा बनवायलेत. वस्तीवाल्यांना विचारणार म्हणे. तू ये, तुला इंग्रजी येतं." लग्नानंतर आत्या कुकटपल्लीला आली ती कारखान्यांमागच्या पत्र्याच्या घरातच राहिली.

लातूरहून निघणार असाल तर पहाटेची बस घ्या. झहीराबादच्या चहापर्यंत वारा बरा असतो, पुढे खिडकीतून नुसती धग येते. कुकटपल्ली वाटेतच लागते, तिथेच उतरा.

आत्याच्या घरात शेजारणी जमल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. उन्हाचा इशारा मोबाईलवर इंग्रजीत येतो, तो त्यांच्यापैकी कुणाला वाचता येत नाही. आणि पाण्याचा टँकर ऐन दुपारी येतो, म्हाताऱ्यांनाही रांगेत उभं राहावं लागतं. तेवढं सांगायला त्या कामाचा खाडा करून येणार होत्या.

बैठक दुसऱ्या दिवशी शहराच्या मध्यभागी, आबिड्सला, दुपारी दोन वाजता. उन्हापासून बचाव कसा करायचा ते ठरवायला लोकांना भर उन्हात बोलावलं होतं! सिटी बस बायकांना फुकट आहे, पण आधार कार्ड तेलंगणाचं लागतं, म्हणून मी तिकीट काढलं. बसमधून उतरून हॉलपर्यंत चालताना यादम्मा, आत्याची सत्तरीची शेजारीण, रस्त्यातच कोसळली. आम्ही तिला उचलून आत नेलं, मागच्या खुर्च्यांवर आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं. मंचावरचे साहेब थांबलेसुद्धा नाहीत. "उशिरा आलेल्यांनी शांत बसावं," एवढंच इंग्रजीत म्हणाले. मी रागानं यादम्माजवळच उभी राहिले.

पडद्यावर रंगीत नकाशे सरकत होते. शेवटी आत्या उठली. "साब, हमारेकू बोलने देते क्या?"

"सूचना नंतर ई-मेलनं पाठवा."

"ई-मेल नक्को. ये औरत आपकी मीटिंग में आते आते गिर गई. पहले इसकू देखो, फिर नकाशा दिखाओ."

मी तेच इंग्रजीत सांगितलं, आत्यापेक्षा कडक शब्दांत. "नोंद घेतो," म्हणत साहेबांनी पुढचा नकाशा लावला. यादम्मा उठून बसताच आम्ही सगळ्या बाहेर पडलो. सुलतान बाजारात रिक्षा थांबवून तिला लिंबू-सोडा पाजला. ती तेलुगूत काहीतरी पुटपुटली. आत्यानं सांगितलं, "म्हणते, मला परत तिकडं नेऊ नका."

त्या संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात बायकांनी आपली बैठक घेतली. आत्याच्या सुनेला इंग्रजी बोलता नाही आलं तरी वाचता येतं; इशारा आला की तिनं तो वाचायचा आणि विहाराच्या भोंग्यावरून तेलुगूत, दखनीत सांगायचा. दुपारी विहार म्हाताऱ्यांसाठी उघडा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी टँकर अडवला आणि तासभर भांडून सकाळची वेळ कबूल करून घेतली. किती दिवस पाळतील, माहीत नाही.

लातूरला परत आले तरी राग उतरला नाही. आमच्या शहराचं काय, म्हणून वॉर्ड ऑफिसात विचारायला गेले.

"झालाय की आराखडा," तिथले बाबू म्हणाले. "लोकांच्या सहभागातून केलाय."

"कोणत्या लोकांच्या?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "सगळ्या खात्यांचे लोक होते की. मॅडम, तुम्ही कोणत्या खात्याकडून आलात?"