मशीनपुढचा नारळ

आईला धाप लागायची म्हणून मी ऑक्सिजनचं मशीन ऑनलाइन मागवलं. खोका उघडण्याआधी बाबांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, "हिला श्वास मिळू दे रे म्हाराजा!" आणि उंबऱ्यावर असा नारळ फोडला, की अंजनवेलच्या किल्ल्याचे चिरे हलले असतील. सगळ्याचा मी व्हिडिओ काढला. मशीन तडकलेलंच निघालं, म्हणून तो व्हिडिओ कंपनीला पाठवला.

कंपनीची बाई फोनवर म्हणाली, "सर, व्हिडिओत तुम्ही काहीतरी आपटताय."

"अहो, तो नारळ! मशीन खोक्यातच होतं!" मी मिरजोळ्यातल्या कारखान्यांच्या समस्त भोंग्यांना लाजवेल असा ओरडलो.

रोज नवी बाई, रोज तोच नारळ. शेवटी त्यांना पटलं. नवं मशीन आलं, तेव्हा घरात आईच्या तेराव्याची तयारी चालली होती. सवयीने बाबांचा हात नारळाकडे गेला आणि थांबला.

"परत पाठव रे," ते म्हणाले. "आता गाऱ्हाणं कोणासाठी घालू?"