सतीच्या दगडावरचा पंजा

ताईचं लग्न मार्गशीर्षात झालं आणि पाठराखीण म्हणून मला तिच्याबरोबर वेळापूरला धाडलं. नव्या नवरीला पहिले काही दिवस सासरी परकं वाटू नये म्हणून धाकट्या बहिणीनं सोबत जायचं, ही आमच्याकडची रीत. ताई सोळाची, मी अकराची. सोलापुरात गिरणीच्या भोंग्यानं जागी होणारी मी, पंढरपूरपर्यंत आगगाडी आणि पुढं बैलगाडी करून त्या गावात उतरले, तेव्हा मला वाटलं, इथं कुणी मेलंबिलं की काय! इतकं सामसूम.

पण दोन दिवसांत मी गावाची झाले. ताईच्या धाकट्या दिरानं माझ्या कमरेला वाळका भोपळा बांधला आणि न विचारता मला विहिरीत ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं तरी मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या, आणि नंतर विहिरीतून बाहेर यायलाच तयार होईना. शेतात हुरडा खाल्ला. महादेवाचं जुनं देऊळ पाहिलं. त्याच्या आवारात लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड ओळीनं उभे होते. एवढी विहीर, एवढं रान आणि वर देऊळ! ताईचं नशीब फळफळलं असं मला वाटलं, आणि खरं सांगते, थोडा हेवाही वाटला.

मग एका सकाळी सासूबाई ताईला सतीआईच्या पाया पडायला घेऊन निघाल्या. भावकीतल्या बायकाही आल्या. शेताच्या बांधावर एक दगड होता. त्यावर कोपरात वाकलेला बाईचा हात कोरलेला, मनगटात बांगड्या, पंजा उघडा. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेनं आपला हळदीचा हात त्या पंज्यावर ठेवायचा, आणि तो त्या मापात बसतो का ते बघायचं. ताईनं ठेवला. बायका श्वास रोखून बघत होत्या. सासूबाईंनी वाकून न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बसला." सगळ्यांचे चेहरे उजळले, गूळ वाटला. माझीही मान ताठ झाली. आमची ताई कशात कमी पडायची नाही.

सतीआई म्हणजे कोण, असं मी शेजारच्या बाईला विचारलं. गूळ चघळत तिनं सांगितलं, याच घरातली सून, नवरा गेल्यावर त्याच्या चितेवर चढली. भाकरी कशी थापायची ते सांगावं तशा सुरात. माझ्या हातातला गूळ हातातच राहिला. ताईच्या तळव्याची हळद त्या दगडावर अजून ओलीच होती.

ताईची थोरली जाऊ लांब बाभळीखाली उभी होती. ती विधवा, दगडाजवळ यायची तिला बंदी. तिचा गूळ घेऊन मलाच पाठवलं. मी आपली फटकळ, तिला विचारलं की तुम्ही का नाही येत.

"ती गेली म्हनून तिला हळदीकुंकू," ती म्हणाली. "मी मागं ऱ्हायले न्हवं." मग गुळाचा खडा तोंडात टाकून म्हणाली, "माजा बी बसला हुता की, पोरी."

तिथून मी घराकडं पळत सुटले. बायका परतल्या आणि परसात ताई एकटी सापडली, तेव्हा रडत रडत सगळं तिच्या कानावर घातलं. हात बसला त्यांचं काय होतं ते बघ, म्हटलं, आपण आजच घरी जाऊ.

ताई हाताची हळद धूत होती. तिनं मान वर केली नाही.

"माझा बसलाच नव्हता," ती म्हणाली. "पेरभर मोठा आहे. मी बोटं आखडून घेतली."

मला काही सुधरेना. असला हात मुद्दाम कोण बसवून घेईल?

"न बसलेली सून हे लोक त्याच गाडीनं माहेरी परत पाठवतात. मग तुझ्याशी तरी लग्न कोण करेल?" तिनं ओले हात पदराला पुसले. "जाऊबाईंनी काल माजघरात दार लावून माझ्याकडून करवून घेतलं. बोटं किती आखडायची, ते त्यांनीच शिकवलं."