स्क्रीनशॉटचा आवाज

कारखान्यात तिला सगळे कात्रीवहिनी म्हणतात. शाळेच्या गणवेशांचं कापड थरावर थर अंथरायचं आणि एकदम कापायचं, हे तिचं काम. हात चुकला की सगळं कापड वाया. तिचा हात चुकत नाही, एवढाच तिचा मान. घरात तोही कुणी देत नाही.

त्या दिवशी बाह्या आखूड निघाल्या. मालकाने मशिनी थांबवायला लावल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं की वहिनींची नजर गेली; आणखी एक चूक झाली तर त्यांनी कटिंग सोडून बटणं लावायला बसावं. मापं तो मोबाइलवर पाठवायचा. तिने सकाळचा मेसेज दाखवायला फोन उघडला, तर तिथे मेसेज डिलीट केल्याची खूण तेवढी उरलेली. मालक म्हणाला, तो सुविचार होता, चुकून गेला होता. माप आपण तोंडी बरोबरच सांगितलं होतं. मशिनीवरच्या बायका खाली बघून हसल्या. त्या कुणाला हसल्या ते तिला कळलं नाही, आणि तेच घरापर्यंत डाचत राहिलं.

घरी तिने भांडी अशी आदळली की नवरा टीव्ही सोडून आत आला. सगळं ऐकून म्हणाला, मालकाशी वैर कशाला, बटणांचं काम हलकं, पाठ तरी दुखणार नाही. त्यावर ती जे बोलली ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं. तो टीव्हीकडे परतला.

धाकटी जाऊ भाजी निवडत होती. "ताई, भावजींवर ओरडून काय होणार? मेसेज आला की स्क्रीनशॉट काढायचा. मग पुसू दे त्याला."

पण त्यासाठी दोन बटणं एकदम दाबायची, आणि कात्री चालवून चालवून तिचा अंगठा आखडलेला. एक बटण आधी दाबलं जाई, स्क्रीन काळी पडे. तिने फोनला, मालकाला आणि नवऱ्याला एका दमात शिव्या घातल्या. शेवटी जावेने सेटिंगमध्ये शोधून तळहाताची कड स्क्रीनवरून फिरवायची सोय चालू केली. कापडाची सुरकुती काढावी तसा तिने हात फिरवला. खट्‌ आवाज झाला, स्क्रीनशॉट निघाला.

"आता हा आवाज बंद करते," जाऊ म्हणाली. "म्हणजे त्याला पत्ता लागणार नाही."

"राहू दे. मी चोरी करत नाहीये."

"अहो, तो चिडेल."

"मग? मी काय हसतेय?"

दुसऱ्या दिवशी मापं आली तेव्हा मालक टेबलाशीच उभा होता. तिने फोन कापडावर ठेवला आणि त्याच्या डोळ्यांदेखत तळहात फिरवला. खट्‌.

"हे काय?"

"फोटो काढला. आता खुशाल पुसा."

"इतक्या वर्षांनी माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," ती म्हणाली.

एकेक मशीन थांबत गेली. मालकाने स्वतःचा मेसेज पुन्हा वाचला. मग तिच्याकडे वाकून पुटपुटला की कात्री लावू नका, बाहीचं माप चुकलंय, दुसरं सांगतो.

"मोठ्याने सांगा," ती म्हणाली. "काल मोठ्यानेच बोलला होतात."

त्याने सांगितलं. तिला नीट ऐकू आलं होतं, तरी तिने ते आणखी एकदा सांगायला लावलं.