फरशीवरचे खांब आणि पहिला नंबर

आता काय सांगू तुम्हाला, आजवर हे मी बाहेर कुठं बोललो नाही. पण तुम्ही घरचेच, आणि चहाला अजून उकळी फुटायचीय. एकदा मी कुत्र्याला कुंपण घालायला गेलो आणि अख्खी गल्ली रांगेत उभी केली!

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. माझी बदली धर्माबादहून नव्या कलेक्टर कचेरीत झाली. कारकूनच हो, पण गल्लीत मला सगळे ‘सायेब’ म्हणायचे आणि मीही ते म्हणू द्यायचो. सोबत बायको आणि टिप्या. टिप्या म्हणजे आमचं कुत्रं. आम्हाला मूलबाळ नव्हतं तेव्हा, सगळा लाड त्याचाच.

त्या साली दुष्काळ असा, की नळ नुसते शिट्ट्या मारायचे. आणि या पठ्ठ्यानं एक दिवस घरमालक महालिंगअप्पांच्या पूजेच्या घागरीत तोंड घातलं!

अप्पा आडत दुकानवाले, गळ्यात लिंग, स्वभावानं देवमाणूस. पण त्या दिवशी भडकले. "सायेब, रविवारपातुर कुत्रं जाळीत घाला, न्हाईतर सोडून या गावाकडं. अन माझ्या शहाबादी फरशीला एक भोक पाडायचं न्हाई, सांगून ठेवतो!"

टिप्याला सोडून यायचं? छे!

भोक न पाडता फरशीवर खांब कसे उभे करायचे? रात्रंदिवस विचार केला आणि सुचलं! तेलाच्या रिकाम्या डब्यात खांब उभा करायचा, भोवती सिमेंट-वाळू भरायची. डबा जड, खांब ताठ, फरशी शाबूत. आहे की नाही डोकं?

रविवारी सकाळी बायको देवळात गेली तशी मी घरातले पाणी भरायचे आठही तेलाचे डबे उचलले, कोरडेच पडले होते. दोन्ही बादल्यांत माल कोरडाच कालवला. डबे भरले, खांब रोवले, अंगणाच्या कडेनं गल्लीपर्यंत ओळ लावली. आता फक्त पाणी हवं होतं. ते बायको आल्यावर तिला शेजारून गोड बोलून मागायला लावू म्हटलं, आणि जाळी आणायला निघालो.

परत येतो तर काय! आठव्या डब्यामागं काशीबाईची कळशी. तिच्यामागं घागर, हंडा, पातेलं, पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत! त्या दिवसांत गल्लीत डबा ठेवला की नंबर लागला, हे सगळ्यांना ठाऊक. मलाच कसं सुचलं नाही?

"सायेब, टँकर किती वाजता हाय?" काशीबाईनं विचारलं.

"टँकर?"

"आता लपवू नका! कचेरीतल्या माणसाला आधी कळत असतंय. उगं खुणेची दांडकी रोवून आठ डबे लावलाव व्हय?"

तिथंच ‘नाही हो बाई’ म्हणायचं की नाही? पण पन्नास माणसं माझ्याकडं आशेनं बघत होती. मी जाळी खाली ठेवली आणि म्हणालो, "येईल की तासाभरात!"

मागून अप्पा म्हणाले, "हाव, येऊ द्या. न्हाई आला तर टिप्याचं मी बघतो."

मग काय, सायकल काढली! टँकर भरायच्या विहिरीवर जाऊन ड्रायव्हरचे अक्षरशः पाय धरले. "गल्लीत पाणी नाही," म्हणालो. तेवढं तरी खरं होतं. कुत्र्याचं बोललो नाही.

टँकर आला आणि गल्लीत दिवाळी! ड्रायव्हरनं पाइप उचलला. "पहिला नंबर कुणाचा?"

"सायेबांचा!" सगळे एका सुरात ओरडले.

मी काही बोलायच्या आत धार डब्यात, आत सिमेंट आहे हे कोण बघतंय! आठही डबे काठोकाठ! मग कळशी, हंडा, पातेलं. बायको देवळातून आली तोवर टँकर रिकामा होऊन निघूनही गेला होता.

अप्पा माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "कुत्रं ऱ्हाऊ द्या सायेब. तुमच्यापायी गल्लीला पाणी मिळालं!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. टिप्या त्यानंतर अकरा वर्षं जगला आणि अप्पांच्याच पायाशी बसायचा. आज दोघंही नाहीत.

पण त्या क्षणी बायकोनं डब्यात वाकून पाहिलं. आत सिमेंटचा चिखल. मग बादल्यांत पाहिलं, तिथं उरलेला कोरडा माल. "अहो, पहिला नंबर आपला ना? मग चहाचं पाणी कुठाय?"

घरात पाणी उरलं होतं ते एकाच भांड्यात, टिप्याच्या ताटलीत.

मी ताटलीकडं पाहिलं. टिप्या गुरगुरला.