सुनेची ओळ लाल करा

एक्सेलला रंग लावायला शिकल्यापासून माझ्याकडे इतके किस्से साठलेत की त्यांचीच वेगळी शीट करावी लागेल. मी आरोग्य खात्याच्या ऑफिसात डेटा ऑपरेटर. गरोदर बायांची यादी माझ्याकडे. तिच्यात मी एक नियम बसवला: बाळंतपणाची तारीख आठ दिवसांवर आली आणि 'दवाखान्यात आणले' हा रकाना रिकामाच असला, तर त्या बाईची अख्खी ओळ आपोआप लाल. लाल दिसली की गाडी पाठवायची. काम सोपं होईल असं वाटलं होतं.

*

वाशीमच्या मीटिंगआधी साहेब म्हणाले, "लाल फार दिसून राह्यलं, जरा कमी करा." आमच्या देशमुखबाबूंनी तासभर एकेक ओळ धरून पांढरा रंग दिला. ओळी लालच, कारण नियमाचा रंग हाताने दिलेल्या रंगाला जुमानत नाही. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "सायबाचं न ऐकणारं कोणीतरी हाये बा ऑफिसात."

*

पहिली प्रिंट काढली तर प्रिंटर काळा-पांढरा. लाल ओळींच्या काळ्या पट्ट्या झाल्या. ती ज्या उपकेंद्रात गेली तिथल्या नर्सताईंचा फोन आला, "सर, जिची घाई हाये तिचंच नाव दिसून नाही राह्यलं." मग बाजारातून रंगीत प्रिंट आणली.

*

ती रंगीत प्रिंट कामरगावकडे त्या उपकेंद्राच्या भिंतीवर लागली. दुसऱ्याच दिवशी एक सासूबाई हजर. "शेजारनीच्या सुनेले कुंकवाचा रंग अन् माह्या सुनेले कोरं? काहून?"

नर्सताईंनी समजावलं, तिला आत्ता सातवाच लागलाय.

"मंग पुसट लाल तरी द्या."

मी सातव्या महिन्याला गुलाबी रंगाचा नियम टाकून दिला. बायांचं कौतुक होतंय तर आपलं काय जातं!

*

हा शेवटचा किस्सा मात्र मी कुणाला हसत सांगत नाही. मी नवी नावं चिकटवली आणि नियम एका ओळीने सरकला. प्रत्येकीची ओळ स्वतःची तारीख आणि रकाना सोडून खालचीचे बघायला लागली. गाडी गेली सुनीताच्या दारी. तिचं लेकरू महिन्याचं, पाळण्यात झोपलेलं. तिच्या खालच्या ओळीत त्याच गावातली वैशाली. तिची तारीख आली होती आणि ओळ पांढरीच राहिली होती.

दुपारी चूक दिसली. गावच्या आशा कार्यकर्त्या मंदाताईंना लगेच फोन लावला. "ताई, वैशाली..." एवढंच तोंडातून निघालं.

"थे तं दवाखान्यात हाये. पोरगी झाली, चांगली हाये. सकाळी गाडी आलीच होती, रिकामी कायले पाठवू? तिलेच बसवलं."

मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू. डोळे पुसून विचारलं, "तिनं बोलावलं होतं का तुमाले?"

"नाही बा. थे कायची सांगते, लय अबोल हाये."

"मंग तुमाले कसं समजलं?"

"आज तिच्या दारात सडा नोयता."