हॉईट लेडबेटरचा होकार

माझा दीर हॉईट कुणावरच विश्वास ठेवत नसे. पिस्तूल बनवणाऱ्यांवर नाही, विकणाऱ्यांवर नाही आणि विकत घ्यायला येणाऱ्यांवर तर मुळीच नाही. टीव्हीवर हवामान सांगणारी बाई ऊन पडेल म्हणाली की हा छत्री घेऊन निघायचा. आमच्या कटलर गॅपमध्ये अख्ख्या टेनेसीतला सगळ्यात शंकेखोर माणूस कोण, असं विचारलं असतं तर पोरासोरांनीही त्याच्याच घराकडे बोट दाखवलं असतं.

दुकान माझं. म्हणजे माझ्या नवऱ्याचं, कार्लचं. नऊ वर्षांपूर्वी तो गेला आणि माझ्या गळ्यात पडलं. पण पाटीवर नाव कुणाचंही असो, लोक यायचे ते हॉईटचा शब्द घ्यायला. त्यातही खिशात मावणारं लहान पिस्तूल हवं असलं की त्याच्याशिवाय पान हलायचं नाही. मोठी बंदूक कुणीही पारखतो. तळहाताएवढी वस्तू खिशात वागवायची आणि वेळ पडली तर तिच्यावर जीव सोपवायचा, हे काम वेगळं.

त्याची पद्धत ठरलेली होती. नवं पिस्तूल आलं की ते रिकामं करून स्वतःच्या पँटच्या खिशात चौदा दिवस वागवायचं. ते खिशात असतानाच गुरांच्या खाद्याची पोती उचलायची, ट्रकमध्ये चढायचं, रोझाच्या खानावळीत मऊ पावासारखी बिस्किटं ग्रेव्हीत बुडवून खायची. पंधराव्या दिवशी उघडून आत किती धागे आणि किती धूळ गेली ते बघायचं. मधल्या रविवारी चर्चमध्ये ते घेऊन नेमकं मिस बर्निसच्या पलीकडच्या बाकावर बसायचं. मिस बर्निसच्या नजरेतून कुणाच्या अंगावरचा नवा शर्ट सुटत नाही, की कुणाचं वाढलेलं पोट सुटत नाही. प्रार्थना चालू असताना तिची नजर एकदा जरी हॉईटच्या खिशाकडे गेली, तर पिस्तूल नापास. बाई मेली तर आपण काय करायचं, ही त्याला खरोखरची काळजी होती. या सगळ्यातून जे वाचेल त्यातून पन्नास गोळ्या झाडायच्या आणि मग एका कार्डावर लिहायचं: हो, किंवा नाही. कारण दोन ओळींत. ती कार्डं आमच्या सासूबाईंच्या पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असायची, आणि लोक येऊन ती धर्मग्रंथासारखी वाचायचे.

गेल्या वर्षी काहीतरी बिनसलं. मार्चपासून फेब्रुवारीपर्यंत एकोणीस पिस्तुलं आली आणि एकोणीसच्या एकोणीस कार्डांवर ‘नाही’. अडकतं. चाप जड. स्प्रिंग फालतू. गोळी खाली जाते. वाण्याकडच्या नासक्या अंड्यांसारखी सगळी परत.

“हल्ली कारखान्यात लोखंड वापरतात की शेण?” तो म्हणायचा. “आणि ते मासिकवाले! कंपनीने जेवू घातलं की ढेकर देऊन लिहितात, उत्कृष्ट.”

“एकोणीस कंपन्यांनी मिळून तुझ्याविरुद्ध कट केलाय का हॉईट?”

“केला असेल. तू का त्यांची बाजू घेतेस?”

माझ्या मनात मात्र वेगळीच पाल चुकचुकत होती. हमरस्त्यावर एक मोठं झगमगीत दुकान उघडलं होतं. आमच्याकडून ‘नाही’ ऐकलेला माणूस पुढे कुठे जाणार? तिथेच. आणि त्याच सुमारास हॉईटला एक नवी खोड लागली होती. रिकामा बसला की उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायचा, नोटा मोजतात तसा. मी ते बघायचे आणि वाटायचं, त्या दुकानाने याला पैसे चारले की काय. सख्खा दीर, पण मी दोन वेळा त्याच्या ट्रकचा कप्पा उघडून पाहिला, पाकीटबिकीट सापडतं का म्हणून. खोकल्याच्या गोळ्या सापडल्या. लाज वाटली, पण संशय गेला नाही. त्याला नावं ठेवता ठेवता मीही त्याच्यासारखीच झाले होते.

अशात रेनी स्टॉलकप आली.

रेनी घरोघरी जाणारी नर्स. डोंगरातल्या एकेका खोऱ्यात एकेक म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं, तिथे ही पहाटे एकटी गाडी घेऊन जाते, जखमा धुते, औषधं देते. तिथे फोनला रेंज नसते आणि शेरीफच्या माणसाला पोचायला चाळीस मिनिटं लागतात. तिच्या आधीच्या नवऱ्याने, रँडलने, तिचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं. त्याबद्दल तो आठ महिने आत होता आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी सुटणार होता. सुटलो की पहिला रेनीकडे येतो, असं त्याने तिच्या आईला फोनवर सांगून ठेवलं होतं.

“कोर्टाचा मनाईहुकूम आहे ना तुझ्याकडे?” मी विचारलं.

“आहे. पर्समध्ये घडी करून ठेवलाय. तो आला की उलगडून दाखवीन, वाचायला चष्मा देईन.”

मी काचेखालून, हॉईटने नापास केलेलं पण अजून परत न पाठवलेलं एक लहान पिस्तूल काढून तिच्यासमोर ठेवलं. चांगलं होतं. दुसऱ्या गावांतली माणसं डोळे मिटून विकत घेत होती. तिने हातही लावला नाही.

“मिस्टर हॉईट हो म्हणाले का?”

“ते कशाला हो म्हणतील? देवाने स्वर्गाचं दार उघडलं तर आधी बिजागऱ्या तपासतील.”

“मग नको, मिस नेल्डा. सोळा वर्षांची असताना त्यांनीच मला नेम धरायला शिकवलं. त्यांनी ज्याला नाही म्हटलं, ते मी खिशात घेऊन त्या खोऱ्यात जाणार नाही.”

ती तीन आठवडे येत राहिली आणि तीन आठवडे रिकाम्या हाताने परत गेली. मी हॉईटला म्हटलं, रिव्हॉल्व्हर दे तिला, त्यात अडकायचं काही नसतंच. तर म्हणे, त्याचा चाप इतका जड की नळी हलते, गोळी डावीकडे खाली जाते, मी स्वतः पाहिलंय. दोन वेगळ्या रिव्हॉल्व्हरच्या कार्डांवर त्याने हेच लिहिलं होतं. त्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि हा माणूस तिला जाणूनबुजून ताटकळत ठेवतोय, असं मला वाटायला लागलं. रागाने मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.

विसावं पिस्तूल चांगलं निघालं. खिशात चौदा दिवस काढले, धूळ नाही. मिस बर्निसने प्रार्थनेत डोळे मिटलेलेच ठेवले. फक्त पन्नास गोळ्या उरल्या होत्या, आणि वार होता बुधवार. शुक्रवार परवावर आला होता. रेनी कामाच्या निळ्या कपड्यांतच आली. आम्ही तिघं दुकानामागच्या मातीच्या बांधाकडे गेलो, कानांवर झाकणं चढवली आणि हॉईटने पहिली गोळी झाडली. दुसरीला रिकामी पुंगळी वरच्या फटीत उभी अडकली. त्याने ती झटकून काढली. पुढची ठीक गेली. त्याच्या पुढची परत अडकली.

“बघ,” तो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “बघ, कसला माल आहे.”

रेनीने कानांवरची झाकणं काढली आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. तिचा चेहरा बघवेना.

मग हॉईट माझ्याकडे वळला. “काडतुसं कुठली दिलीस? जुनी, ओल लागलेली?”

“डबा तूच फोडलास, आत्ता, माझ्यासमोर.”

“मग पिस्तूल उघडून बसली असशील. तुला मी खोटा ठरायला हवाय. तेवढ्यासाठी तू काहीही करशील.”

“तोंड सांभाळ, हॉईट लेडबेटर! त्या हमरस्त्यावरच्या दुकानाचं मीठ कोण खातंय ते मला कळत नाही का?”

बोलायला नको होतं ते बोलून गेले. त्याला आधी कळलंच नाही मी काय म्हणतेय. कळलं तेव्हा त्याने पिस्तूल खाली केलं. माझाही पारा चढला होता, म्हणून मी त्याच्या हातातून पिस्तूल ओढून घेतलं. मी एकोणसत्तर वर्षांची, बोटांचे सांधे अक्रोडासारखे झालेले. त्याच डब्यातल्या सहा गोळ्या भरल्या आणि सहाच्या सहा झाडल्या. एकही अडकली नाही. मग रेनीच्या हातात दिलं. तिने बारा झाडल्या, शिवणयंत्रासारख्या.

हॉईटने हात पुढे केला, पिस्तूल घेतलं, स्वतः भरलं आणि नेम धरला. तिसरी गोळी अडकली.

“मिस्टर हॉईट,” रेनी हळूच म्हणाली, “मनगट.”

या गावातल्या निम्म्या लोकांना हा शब्द हॉईटनेच ऐकवलाय. हलक्या पिस्तुलाला मागून घट्ट टेकू लागतो. मनगट ढिलं पडलं की झटका हातातच जिरतो, वरचा भाग पूर्ण मागे सरकत नाही आणि पुंगळी अडकते. नवशिक्या पोरांना तो यावरून रडवायचा. पिस्तुलाला शिव्या देऊ नकोस, आधी आपलं मनगट बघ, हे त्याचं पेटंट वाक्य. आणि वर्षभर एकोणीस पिस्तुलांवर संशय घेताना हे एक मनगट तपासायचं त्याला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. हॉईटचं मनगट चुकेल, ही शंका आमच्या गावात कुणाला यायची?

“मला शिकवतेस?” तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

रेनीने पिस्तूल घेऊन रिकामं केलं आणि बाजूला ठेवलं. मग तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, रोग्याचा धरतात तसा, आणि उताणा केला. अंगठा तर्जनीवर घासत होता. तो थांबवू बघत होता, पण थांबत नव्हता.

“हे कधीपासून आहे?”

“थंडी आहे.”

“कधीपासून, मिस्टर हॉईट?”

त्याने मान बांधाकडे वळवली. “मागच्या हिवाळ्यापासून. बापाचा कंपवातही असाच सुरू झाला होता.”

आणि मी त्या हाताला नोटा मोजणारा हात समजत होते. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“मग आता मी कुणाचं ऐकू?” रेनीने विचारलं. ती रागावली नव्हती, पण तिला उत्तर हवं होतं. शुक्रवार कुणासाठी थांबणार नव्हता.

“तुझ्या हाताचं,” तो म्हणाला. “पण माझ्या धरायच्या नाहीत, म्हणजे अजून बत्तीस गोळ्या राहिल्यात. पन्नास म्हणजे पन्नास.”

तिने बत्तीस झाडल्या आणि त्याने एकेक मोजली. मग आम्ही आत आलो. त्याने कार्ड माझ्याकडे सरकवलं. “तू लिही. माझं अक्षर कुणाला लागायचं नाही. वीस नंबर. हो.” रेनीने फॉर्म भरला, तिच्या नावावर काही गुन्हा नाही ना, ते मी फोनवरून तपासून घेतलं आणि तोवर हॉईटने तिच्यासाठी खिशात बसणारं कातडी म्यान शोधून काढलं. या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही, किल्ली नाही, लिपस्टिक नाही, म्हणाला, आणि रिकामं पिस्तूल तिला तीस वेळा खिशातून काढायला लावलं. तिसाव्या वेळीही त्याने खोड काढलीच.

ती गेल्यावर तो पत्र्याचा डबा आणि दुकानाचा फोन घेऊन बसला. ज्यांना ज्यांना त्याने परत पाठवलं होतं त्यांना एकेक करून फोन लावला. “हॉईट बोलतोय. मी नाही म्हटलं होतं ते चूक होतं. पिस्तूल नव्हे, मी.” एवढंच बोलायचा आणि पुढचा नंबर फिरवायचा. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्याच्या तोंडून चूक हा शब्द स्वतःबद्दल मी ऐकला नव्हता. त्या दिवशी अकरा वेळा ऐकला. मी पलीकडे उभी राहून तीच काच तीनदा पुसली. माफी मागायची राहिलीच.

रँडल शुक्रवारी सुटला आणि सरळ केंटकीला भावाकडे गेला, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवायची मला सवय नाही. रेनी रोज पहाटे त्या खोऱ्यात जाते आणि दुपारी दुकानात डोकावून जाते, तेवढं मला पुरतं.

शनिवारी दुकान उघडलं तेव्हा हॉईट आत आला, पण नेहमीसारखा काउंटरमागे आला नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा राहिला, टोपी काढून हातात धरली.

“एक म्हातारा आहे,” तो म्हणाला. “एकाहत्तर वर्षांचा. उजव्या हाताचं हे असं. खिशात ठेवायला लहानसं काहीतरी हवं म्हणतो. देशील?”

“हॉईट, चेष्टा पुरे. ये आत, कॉफी टाकलीय.”

“गिऱ्हाइकाला उत्तर दे, नेल्डा.”

तो डोळे न हलवता बघत होता. इतक्या वर्षांत दुकानातलं प्रत्येक ‘नाही’ त्यानेच म्हटलं होतं. दारुड्याला, रागाने फणफणत आलेल्या नवऱ्याला, दुसऱ्यासाठी गुपचूप घ्यायला आलेल्या पोरीला. मी मागे उभी राहून गोड हसायचे आणि त्यांना दुकानाचं फुकट कॅलेंडर द्यायचे.

“नाही,” मी म्हणाले. “नाही देणार.”

त्याने मान हलवली. खिशातलं स्वतःचं पिस्तूल काढलं, रिकामं केलं, त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि नळीचं तोंड माझ्याकडे न करता, बाजूला वळवून काउंटरवर ठेवलं.

“सोमवारपासून नाही म्हणायचं काम तुझं,” तो म्हणाला आणि टोपी घालून बाहेर गेला.

मी ते उचललं. त्याच्या खिशाच्या उबेने ते अजून कोमट होतं.